सारख्याच श्रीमंत देशांच्या कल्याणकारी खर्चात एवढी तफावत का?

मुक्ता_क

फ्रान्सचे सरकार निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी भत्ता, कुटुंबभत्ता अशा सामाजिक बाबींवर देशाच्या सकल उत्पादनाच्या सुमारे ३१ टक्के रक्कम खर्च करते. दक्षिण कोरियात हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मे आहे. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांची सरासरी २१ टक्क्यांजवळ आहे आणि दरडोई उत्पन्नात फ्रान्सला बरेच मागे टाकणारी अमेरिका या सरासरीच्या आसपासच राहते. देश श्रीमंत होत गेला की त्याचा सामाजिक खर्च वाढतो, हे एकाच देशाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर खरे ठरते. पण आजच्या श्रीमंत देशांमधली आपापसातली तफावत त्यातून उलगडत नाही.

यावर नेहमी ऐकू येणारे उत्तर म्हणजे 'तिथल्या लोकांची वृत्तीच तशी'. मला ते पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे गरिबीमुळे देश सोडून अमेरिकेत गेली. मिनेसोटात शेती करू लागलेला भाऊ आणि स्वीडनच्या स्मोलांड भागात मागे राहिलेला भाऊ एकाच आईची लेकरे होती. एकाच्या नातवंडांना जन्मापासून बालभत्ता मिळाला, दुसऱ्याच्या नातवंडांना मिळाला नाही. हा फरक वृत्तीचा कसा म्हणता येईल?

माझ्या मते मोक्याच्या वेळी कोणते वर्ग एकत्र आले, आणि तेव्हा उभ्या राहिलेल्या योजनांमध्ये मध्यमवर्ग आत घेतला गेला की बाहेर ठेवला गेला, यावर पुढचे बहुतेक सारे ठरले. आपल्यापैकी बरेच जण या देशांत राहतात. तुमचा अनुभव आणि वाचन काय सांगते?

जुना_वाचक

चांगला विषय. एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो. सामाजिक विम्याची पहिली मोठी व्यवस्था डाव्यांनी उभारलेली नाही. ती जर्मनीच्या बिस्मार्कने उभारली, आणि हा तोच चान्सलर ज्याने १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या सभा, संघटना आणि वृत्तपत्रांवर बंदी घालणारा कायदा आणला होता. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघात विमा, १८८९ मध्ये वार्धक्य आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन, असा तो क्रम आहे. कामगाराच्या निष्ठा पक्षाकडून राज्याकडे वळाव्यात, हा त्यामागचा उघड हेतू होता. म्हातारपणाचे निवृत्तिवेतन तेव्हा सत्तराव्या वर्षी मिळत असे आणि फार थोडे कामगार त्या वयापर्यंत पोहोचत.

त्यामुळे 'कोणते वर्ग एकत्र आले' यासोबतच 'सत्ताधाऱ्यांना कोणाची धास्ती होती' हा प्रश्नही विचारायला हवा.

पैलतीर

मी बरीच वर्षे गोथेनबर्गला राहतो, त्यामुळे स्वीडनबद्दल सविस्तर लिहितो. मुक्ताताईंचा मुद्दा इथल्या इतिहासात अगदी ठळक दिसतो.

१९३३ मध्ये बेकारी शिगेला पोहोचली होती आणि शेतमालाचे भाव कोसळले होते. कामगारांचा आधार असलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे सरकार होते, पण त्याला स्वतःचे बहुमत नव्हते. त्यांनी शेतकऱ्यांच्या पक्षाशी तडजोड केली. शेतमालाच्या भावाला संरक्षण द्यायचे आणि त्या बदल्यात बेकारांसाठी प्रचलित मजुरीच्या दराने सरकारी कामे काढायला शेतकरी पक्षाने पाठिंबा द्यायचा, असा तो सौदा होता. कामगाराला स्वस्त लोणी हवे असते आणि शेतकऱ्याला महाग. तरीही त्यांनी हात मिळवले. डेन्मार्कमध्ये असाच करार त्याच वर्षी जानेवारीत झाला, नॉर्वेत १९३५ मध्ये. उत्तर युरोपातील त्या दशकाची खरी कलाटणी ही आहे. शेतकरी या आघाडीत असल्यामुळेच पुढच्या योजना केवळ कारखान्यातील कामगारांपुरत्या राहू शकल्या नाहीत, कारण विम्याचा हप्ता कापायला शेतकऱ्याला मालकच नसतो. म्हणून १९४६ मध्ये मंजूर झालेले मूळ निवृत्तिवेतन आणि १९४८ पासूनचा बालभत्ता उत्पन्नाची चौकशी न करता सर्वांना लागू झाला.

दुसरा टप्पा १९३८ चा. स्टॉकहोमजवळच्या साल्ट्शोबादेन या गावी कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात मूलभूत करार झाला आणि वेतनाचे वाद सरकारला मध्ये न घेता मिटवण्याची रीत घालून दिली गेली. त्यावर पुढे १९५१ मध्ये योस्टा रेन आणि रुडोल्फ माइड्नर या कामगार महासंघाच्या अर्थतज्ज्ञांनी एक धोरण मांडले. सारख्या कामाला सारखे वेतन, मग कंपनी नफ्यात असो वा तोट्यात. ज्या कंपन्यांना ते वेतन परवडत नाही त्या बंद पडू द्यायच्या, आणि तिथल्या कामगारांना सरकारी खर्चाने नवे कौशल्य शिकवून वाढत्या उद्योगांत पाठवायचे. म्हणजे समतेचा मोठा हिस्सा कर आणि भत्ते यांच्या आधी, पगाराच्या पाकिटातच साधला गेला. हा भाग खर्चाच्या आकड्यांत कधीच दिसत नाही.

तिसरा टप्पा पूरक निवृत्तिवेतनाचा. १९५९ मध्ये हा कायदा संसदेच्या दुसऱ्या सभागृहात ११५ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झाला; लिबरल पक्षाचा एक सदस्य तटस्थ राहिला म्हणून. सर्वाधिक कमाईच्या पंधरा वर्षांच्या पगाराशी जोडलेले निवृत्तिवेतन मिळू लागल्यावर कार्यालयांत काम करणारा वर्ग या व्यवस्थेचा पाठीराखा झाला. माझ्या मुलीच्या बालवाडीत डॉक्टरची आणि सफाई कर्मचाऱ्याची मुले एकत्र जेवतात, आणि शुल्काला २००२ पासून कमाल मर्यादा असल्यामुळे दुसरीकडे जाण्याचे कारण डॉक्टरकडे उरत नाही. त्या बालवाडीत एखादी शिक्षिका कमी केली तर तक्रार करायला सर्वात आधी तोच उभा राहतो.

सह्यकडा

पैलतीर यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मूळ गोष्ट त्यात सुटते. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे हे लहान देश होते आणि तिथे एक भाषा, एक धर्म, एक वंश होता. आपल्यासारख्याच दिसणाऱ्या माणसासाठी कर भरायला लोक तयार होतात. अमेरिकेत तसे नाही, म्हणून तिथे ते झाले नाही. हे कटू असले तरी मान्य करायला हवे.

अरुंधती_म

सह्यकडा, अमेरिकेत वंशाचा प्रश्न निर्णायक ठरला हे खरे आहे, पण तो ज्या वाटेने आला ती वाट पाहायला हवी. मी न्यू जर्सीत राहते आणि या विषयावर इथे बरेच वाचले आहे.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सामाजिक सुरक्षा, कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या वार्धक्य विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय कामगारांची बहुसंख्या नेमकी याच दोन कामांत होती. या वगळण्यामागे वर्णद्वेष किती आणि हप्ते गोळा करण्यातली प्रशासकीय अडचण किती, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे; पण काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, महत्त्वाच्या समित्यांचे अध्यक्षपद दक्षिणेच्या सदस्यांकडे होते, आणि निराधार मुलांसाठीची मदत कोणाला व किती द्यायची हे राज्यांवर सोपवले गेले, हे नोंदलेले सत्य आहे. वगळलेल्यांना १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी बऱ्याच अंशी आत घेतले. मात्र तोपर्यंत 'स्वतःच्या हप्त्यावर मिळणारे निवृत्तिवेतन' आणि 'फुकट मिळणारी मदत' अशी दोन दालने झाली होती, आणि लोकांच्या मनात त्या दालनांना रंगही चिकटले होते. म्हणजे समाज विविध होता एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. त्या विविधतेला कायद्याच्या रचनेत भिंत बनवले गेले.

दुसरी गोष्ट आरोग्याची. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर निर्बंध आले, पण आरोग्यविम्यासारख्या सवलतींना मुभा राहिली. माणसे मिळवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या आणि १९५४ च्या करसंहितेने त्यावरची करमाफी पक्की केली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविमा सुचवला तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. आणि ज्यांनी त्या योजनेसाठी रस्त्यावर उतरायला हवे होते त्या बलाढ्य कामगार संघटना आपापल्या कंपन्यांकडून विमा मिळवण्यात गुंतत गेल्या. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले; मधला कमावता वर्ग मालकाच्या विम्यावरच राहिला. मी ज्या कार्यालयात काम करत होते तिथल्या एका सहकारी बाईंना आवडीचे दुसरे काम मिळत होते, पण नवऱ्याचे औषधोपचार चालू असल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली नाही. विमा नोकरीला बांधलेला असला की माणूसही बांधला जातो.

मोरपीस

अरुंधतीताई, करमाफी हाही एक प्रकारे सरकारी खर्चच झाला ना? मग अमेरिकेचा एकूण खर्च खरोखर कमी आहे का?

हेमाडपंती

मोरपीस यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. सरकारी खर्चात सक्तीचा आणि ऐच्छिक खासगी सामाजिक खर्च मिळवला, करसवलती धरल्या आणि भत्त्यांवर परत घेतलेला कर वजा केला, तर ओईसीडीच्या गणनेत अमेरिका फ्रान्सच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकापर्यंत जाते. म्हणजे पैसा तिथेही जातो. प्रश्न तो कोणत्या वाटेने आणि कोणाकडे जातो, हा आहे. विम्यावरची करमाफी जितका पगार मोठा तितकी अधिक मोलाची ठरते. आरोग्यावर सकल उत्पादनाच्या सुमारे १७ टक्के खर्च करूनही २०२३ मध्ये जवळपास ८ टक्के लोक विम्याविना होते.

विषमतेचे आकडेही हेच सांगतात. जिनी गुणांक शून्य म्हणजे पूर्ण समता आणि एक म्हणजे पूर्ण विषमता. कर आणि भत्ते यांच्या आधीचे उत्पन्न पाहिले तर फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका हे तिन्ही देश ०.५ च्या आसपास आहेत. कर भरून आणि भत्ते मिळून हातात येणारे उत्पन्न पाहिले तर फ्रान्स व जर्मनी ०.३ च्या जवळ येतात आणि अमेरिका ०.३९ च्या आसपास थांबते.

आणि हे बदलता येत नाही असेही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेने मुलांसाठीची करसवलत वाढवली, जे आईवडील कर भरण्याइतके कमावत नाहीत त्यांनाही ती पूर्ण दिली, आणि निम्मी रक्कम दरमहा खात्यात जमा केली. कर आणि सरकारी मदत हिशेबात धरणाऱ्या पूरक दारिद्र्य मापनानुसार बालदारिद्र्य २०२० मधील ९.७ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आले. वर्ष संपताच ती वाढ रद्द झाली आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. तोच देश, तीच माणसे, तीच 'वृत्ती'. एका कायद्याची मुदत तेवढी संपली.

नीलपक्षी

झुरिकहून लिहिते आहे. कोणते वर्ग एकत्र आले याइतकेच महत्त्व राज्यघटनेत अडवण्याच्या जागा किती आहेत यालाही आहे, आणि स्वित्झर्लंड हे त्याचे सर्वात स्पष्ट उदाहरण मला वाटते.

इथे मातृत्व विम्याची तरतूद करण्याचे कलम १९४५ मध्ये राज्यघटनेत आले. प्रत्यक्ष विमा १ जुलै २००५ रोजी सुरू झाला, कारण मधल्या काळातले कायदे सार्वमतात एकामागून एक फेटाळले गेले. साठ वर्षे! आरोग्यविमा सर्वांना सक्तीचा झाला तो १९९६ मध्ये. इथे पुरेशा सह्या जमवल्या की संसदेने मंजूर केलेला कायदा लोकांपुढे मतासाठी न्यावा लागतो, त्यामुळे विमा कंपन्या, मालक किंवा एखादा प्रांतनिष्ठ गट कुठलीही मोठी योजना वर्षानुवर्षे रोखून धरू शकतो. राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मताधिकारच १९७१ मध्ये मिळाला, तेव्हा मातृत्वाचा विमा तोवर का रखडला याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

याच्या उलट ब्रिटन पाहा. १९४५ मध्ये मजूर पक्षाला संसदेत भक्कम बहुमत मिळाले, १९४६ मध्ये कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिथेही डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता, पण त्यांना अडवून धरायला दुसरे दार नव्हते. ट्रुमन यांच्यासमोर मात्र समित्या, सिनेट आणि स्वतःच्याच पक्षातले दक्षिणेचे सदस्य अशी दारामागून दारे होती.

सह्यकडा

नीलपक्षी यांचा मुद्दा मोलाचा आहे. तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. डेन्मार्कने २००२ मध्ये नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी नेहमीच्या साहाय्यापेक्षा कमी दराचा वेगळा भत्ता सुरू केला; तो २०१२ मध्ये रद्द झाला आणि २०१५ मध्ये दुसऱ्या नावाने परत आला. उदार म्हणवणाऱ्या व्यवस्थेलाही 'आपला' आणि 'परका' हा भेद करावासा वाटलाच.

हेमाडपंती

डेन्मार्कबद्दलची माहिती बरोबर आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. पण एकजिनसी समाज हे कारण असेल तर ते इतरत्रही लागू पडले पाहिजे. दक्षिण कोरियाइतका एकजिनसी श्रीमंत देश शोधून सापडणार नाही, आणि तिथला खर्च सर्वात कमी खर्चांपैकी आहे. वृद्धांमधील दारिद्र्य ४० टक्क्यांच्या आसपास आहे. त्याचे कारण वंश नसून काळ आहे. तिथे लोकशाही आली १९८७ मध्ये आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन सुरू झाले १९८८ मध्ये, त्यामुळे आजच्या म्हाताऱ्यांच्या खात्यात हप्तेच पुरेसे जमलेले नाहीत.

उलट बाजूला बेल्जियम घ्या. फ्लेमिश आणि फ्रेंच भाषकांचे भांडण इतके की तिथे सरकार बनायलाच कित्येक महिने लागतात, पण सामाजिक खर्च फ्रान्सच्या जवळ आणि हातातील उत्पन्नाची विषमता स्वीडनपेक्षाही कमी आहे. कॅनडाचेही तसेच. विविधता आहे, संघराज्य आहे, शेजारी अमेरिका आहे. तरी सस्कॅचवान या एका प्रांताने १ जुलै १९६२ रोजी सर्वांसाठी वैद्यकीय विमा सुरू केला, डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप सोसला, आणि १९७२ पर्यंत सगळ्या प्रांतांत ती व्यवस्था पोहोचली. त्या प्रांतात पुढाकार कोणाचा होता? सहकारी चळवळीतल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा. पैलतीर यांनी सांगितलेला शेतकरी इथे पुन्हा भेटतो.

दख्खनचा_वाटसरू

शेतकरी आणि शहरी वर्ग यांची सांगड निघालीच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या महाराष्ट्रातली रोजगार हमी योजना याच तर्कावर उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. निधीसाठी १९७५ च्या कायद्याने शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. गावातून येणारे लोंढे थांबावेत असे शहराला वाटत होते, गावाला काम हवे होते. दोन वेगळ्या गरजा एका करात बसल्या. महाराष्ट्र श्रीमंत देश नव्हे, पण खर्च आघाडीतून ठरतो या मताला आपल्या घरचा पुरावा आहे.

मुक्ता_क

वाटसरूंचा दाखला विषयाला धरूनच आहे. फक्त त्यावरची सविस्तर चर्चा वेगळ्या धाग्यावर व्हावी, म्हणजे इथली वीण सुटणार नाही. मला जपान आणि जर्मनीबद्दल ऐकायचे आहे, कारण खर्च मोठा असूनही समता तितकी नाही अशी ती उदाहरणे वाटतात.

ओंजळ

मी टोकियोत राहते, म्हणून जपानबद्दल लिहिते. इथे १९६१ मध्ये आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन दोन्ही सर्वांपर्यंत पोहोचले. २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आला, ज्यासाठी चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात. त्यांना आंघोळ घालायला, घर आवरायला मदतनीस येते आणि आजींना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. उरलेला खर्च निम्मा करांतून आणि निम्मा हप्त्यांतून येतो. पूर्वी हे काम सून करत असे, आणि ते कोणाच्या हिशेबात धरले जात नसे.

पण लोकसंख्येत पासष्टीपुढचे लोक २९ टक्के झाले आहेत. खर्चाची वाढ मुख्यतः त्यामुळे आहे, समतेच्या धोरणामुळे नाही. कायम नोकरी नसलेले कामगार एकूण नोकरदारांच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहेत आणि त्यांचे निवृत्तिवेतन पुढे तुटपुंजे राहणार आहे. एकट्या आईने मुले वाढवली तर ती नोकरी करत असूनही गरीब राहण्याची शक्यता इथे फार मोठी आहे. म्हणून खर्चाची टक्केवारी पाहून कुठल्या देशाला उदार ठरवू नये, असे मला मनापासून वाटते.

इसारकाठ

म्युनिकहून जर्मनीबद्दल. जुना_वाचक यांनी सांगितलेली बिस्मार्कची छाप अजून पुसलेली नाही. इथला विमा पगाराच्या प्रमाणात हप्ता घेतो आणि पगाराच्या प्रमाणातच परत देतो. त्यामुळे कमावत्या वयात जी उतरंड असते तीच म्हातारपणी टिकते. खर्च भरपूर होतो, पण तो माणसाला त्याच्या पायरीवरून खाली पडू न देण्यासाठी होतो. पायऱ्यांमधले अंतर त्याने फारसे कमी होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त जाणवते. इथे १९५८ पासून पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र करून, दोन भाग पाडून कर आकारतात. दोघांपैकी एकाचाच पगार मोठा असेल तर मोठी बचत होते, आणि कमी कमावणारी व्यक्ती, म्हणजे बहुधा पत्नी, नोकरीला लागली की तिच्या पगारातून कराचा मोठा घास जातो. शाळा दुपारीच सुटायच्या. वर्षाच्या मुलापासून पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क २०१३ मध्ये आला, आणि आम्हाला तर हक्क असूनही जागेसाठी दीर्घकाळ ताटकळावे लागले. स्वीडनने १९७१ मध्ये प्रत्येकाचा कर वेगळा केला आणि १९७४ मध्ये आईबाप दोघांना मिळून पालकत्वाची रजा दिली. रोख पैसे हातात देणे आणि सेवा उभारणे यांत हा फरक आहे. सेवा उभारली की स्त्री बाहेर काम करू शकते. तिच्यासारख्याच हजारो जणींना त्या सेवेतच नोकरी मिळते, आणि त्या सगळ्या मतदानाच्या दिवशी ती सेवा जपतात.

जुना_वाचक

करांच्या बाजूकडे अजून कोणी वळलेले नाही. उत्तर युरोपातले मोठे कल्याणकारी राज्य केवळ श्रीमंतांवर कर लावून चालते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. स्वीडन आणि डेन्मार्क या दोन्ही देशांत मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे आणि तो गरिबालाही भरावा लागतो. मध्यम पगारदाराचा प्राप्तिकरही जड असतो. अमेरिकेत राष्ट्रीय मूल्यवर्धित कर नाहीच. म्हणजे कर गोळा करताना सगळ्यांकडून घेतले जाते आणि समता साधते ती वाटपाच्या बाजूने. जपानमध्ये उपभोग कर १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू होऊन २०१९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचला, आणि प्रत्येक वाढीच्या वेळी सरकारने निवडणुकीची धास्ती घेतली. आपल्याला परत काय मिळणार हे लोकांना दिसत असेल तरच ते असा कर सोसतात.

वाल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडिश समाजशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेला निष्कर्षही इथे सांगण्यासारखा आहे. फक्त गरिबांसाठी राखलेल्या योजना असलेल्या देशांत पुनर्वितरण कमी होते, आणि सर्वांना सामावणाऱ्या योजनांच्या देशांत अधिक, कारण एकूण रक्कमच मोठी राहते. अलीकडच्या आकड्यांवर हा संबंध तितका घट्ट दिसत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी त्यामागचे राजकारण मला अजून खरे वाटते.

पैलतीर

आजच्या स्वीडनचे चित्र मात्र फार गुलाबी रंगवू नये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मोठे आर्थिक संकट आले. १९९१ च्या करसुधारणेने भांडवली उत्पन्नावर ३० टक्क्यांचा सरधोपट दर आणला. वारसा कर २००४ च्या अखेरीस, संपत्ती कर २००७ मध्ये रद्द झाला, आणि यांपैकी वारसा कर रद्द करणारे सरकार सोशल डेमोक्रॅट पक्षाचेच होते. आज उत्पन्नाची विषमता १९८० च्या तुलनेत बरीच वाढली आहे आणि संपत्तीची वाटणी युरोपातील अतिविषम वाटण्यांमध्ये मोडते. निवृत्तिवेतनाची हमी असल्यामुळे सामान्य घरे बचत कमी करतात हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही.

आणखी एक बारकावा. इथला बेरोजगारी विमा सरकार चालवत नाही, कामगार संघटनांशी जोडलेले निधी तो चालवतात, आणि म्हणून संघटनेचे सदस्य होणे माणसाला सोयीचे वाटते. २००७ मध्ये उजव्या आघाडीच्या सरकारने त्या निधीचे शुल्क एकदम वाढवले. दोन वर्षांत संघटनांची सदस्यसंख्या ठळकपणे घसरली. ज्या शक्तीने व्यवस्था उभारली ती शक्ती व्यवस्थेच्या रचनेतूनच पोसली जात होती, आणि रचनेतला एक नळ बंद करताच ती सुकू लागली.

सह्यकडा

हे शेवटचे निरीक्षण मला नवीन आहे आणि महत्त्वाचे वाटते. मग मुक्ताताईंना थेट विचारतो. डाव्या पक्षांनीच वारसा कर काढला, जर्मनीत श्रोडर यांच्या सोशल डेमोक्रॅट सरकारनेच बेकारांचे साहाय्य आखडले. मग वर्गांची आघाडी हे तुमचे स्पष्टीकरण अजून कसे टिकते?

मुक्ता_क

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच मूळ प्रश्नाकडे परत जाता येते. मी आघाडी म्हटले, पक्ष नव्हे. पक्षाचे नाव तेच राहते आणि त्याच्या पाठीशी असलेला समूह बदलतो. जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून दीर्घकाळ बेकार असलेल्याला आधीच्या पगाराशी निगडित साहाय्य मिळणे बंद झाले आणि किमान गरजांपुरता सरसकट भत्ता आला. ज्या कुशल कामगाराने तीस वर्षे हप्ते भरले होते, त्याला आपण कधीच काम न केलेल्या माणसाच्या रांगेत उभे केले गेलो असे वाटले. त्या नाराजीतून २००७ मध्ये नवा डावा पक्ष उभा राहिला आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाने मोठा आधार गमावला. पुढे तोच पक्ष मर्केल यांच्याबरोबर सत्तेत गेला तेव्हा त्याने किमान वेतनाचा कायदा मागून घेतला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ताशी साडेआठ युरोचा दर लागू झाला. याचे श्रेय पक्षाच्या तत्त्वज्ञानापेक्षा दुरावलेल्या मतदारांना अधिक जाते.

नीलपक्षी यांच्या मुद्द्यामुळे माझ्या विधानात एक भर घालावीशी वाटते. अडवण्याच्या जागा जिथे जास्त, तिथे योजना उशिरा येते. पण तीच जागा नंतर योजनेचे रक्षणही करते. निवृत्तिवेतन कापायला निघालेल्या सरकारांनाही त्याच दारांतून जावे लागते. म्हणून माझा कल आता असा आहे की आघाडीने काय मिळवले हे पाहताना, ते कोणत्या दशकात मिळवले हेही तितक्याच बारकाईने पाहावे. १९४८ मध्ये सर्वांसाठी उभी राहिलेली सेवा आणि १९८८ मध्ये हप्त्यांवर सुरू झालेले निवृत्तिवेतन यांची आजची फळे सारखी असू शकत नाहीत.

नीलपक्षी

रक्षणापुरतेच नव्हे, क्वचित वाढीसाठीही ते दार उघडते. ३ मार्च २०२४ रोजी इथे सार्वमत झाले. वृद्धांना वर्षाला बाराऐवजी तेरा निवृत्तिवेतने द्यावीत, असा कामगार संघटनांचा प्रस्ताव होता. सरकार आणि संसदेचे बहुमत विरोधात होते, तरी ५८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो मंजूर केला. प्रस्ताव सर्व वृद्धांसाठी होता, फक्त गरीब वृद्धांसाठी नव्हे. आमच्या इमारतीतले एक निवृत्त बँक अधिकारी, जे एरवी कायम उजव्या पक्षाला मत देतात, त्यांनीही होकाराचा शिक्का मारल्याचे मला जिन्यात सांगितले. पैसे कुठून आणायचे, मूल्यवर्धित कर वाढवायचा की पगारातून जास्त कापायचे, हा वाद मात्र मतदानानंतर लगेच सुरू झाला.